डोलोमाइट्स : लोखंडी वाटेवरचे सहा दिवस

दिवस पहिला : व्हेनिस ते कोर्तिना

व्हेनिसला उतरलो आणि व्हेनिस न बघताच पुढे निघालो. सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं, पण आमच्याकडे मोजून सहा दिवस होते आणि ते सगळे उत्तर इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांसाठीच ठेवायचे असं मी आणि माझ्या नणंदेने आधीच ठरवलं होतं. एअरपोर्टवरूनच कोर्तिनाची बस मिळते, अडीच तास लागतात. पहिला तासभर सपाट शेतं आणि मग एका वळणावर समोर एकदम करड्या-पांढऱ्या सुळक्यांची रांग उभी राहिली. नणंद खिडकीला नाक लावून बसली होती, ती म्हणाली, "वहिनी, हे पायऱ्या-बियऱ्या नसलेलं प्रकरण दिसतंय."

कोर्तिना दाम्पेझ्झो हे साधारण १,२०० मीटर उंचीवरचं गाव, १९५६ ला इथे हिवाळी ऑलिम्पिक झालं होतं, त्यामुळे गाव चकाचक आणि महाग. आमचं काम एकच होतं, सामान भाड्याने घेणं. आम्ही व्हिया फेराटा करायला आलो होतो. व्हिया फेराटा म्हणजे इटालियनमध्ये शब्दशः लोखंडी वाट. कड्यावर पोलादी दोर ठोकलेला असतो, दर काही मीटरवर तो कातळात पक्का ठोकलेला, म्हणजे अँकर केलेला असतो, कुठे शिड्या, कुठे पायाला लोखंडी खुंट्या. आपण हार्नेस, म्हणजे कंबर-मांड्यांचा पट्टा घालायचा आणि त्याला लावलेल्या दोन फाट्यांच्या सेटचे कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी कडी, त्या दोरात अडकवत वर जायचं. अँकर आला की एक कॅराबिनर काढून पलीकडे लावायचा, मग दुसरा. दोन्ही एकदम कधीच काढायचे नाहीत. नियम एवढाच आहे आणि सगळा जीव त्या नियमावर आहे.

दुकानातला माणूस साठीचा असेल. त्याने आधी दोघींचं वजन विचारलं. मला वाटलं उगाच, पण त्याचं कारण होतं, या सेटवर ४० ते १२० किलो असं लिहिलेलंच असतं. सेटच्या मधोमध एक छोटी शिवलेली पिशवी असते आणि तिच्यात पट्टी घडी करून टाके घातलेले असतात. माणूस पडला की तो दोरावरून थेट खालच्या अँकरपर्यंत घसरत जातो, तो झटका एवढा मोठा असतो की साधी पट्टी तुटू शकते नाहीतर आपली कंबर तरी मोडते. म्हणून ते टाके एकेक करत उसवतात आणि झटका गिळतात. माणूस फारच हलका असेल तर टाके नीट उसवतच नाहीत आणि सगळा मार शरीरावर येतो. नणंद ४३ किलोची. त्याने तिच्याकडे बघून मान डोलावली, पण हार्नेसच्या पट्ट्या मात्र स्वतः तीनदा ओढून बघितल्या. मग भिंतीवर लावलेल्या दोरावर आमच्याकडून वीस-पंचवीस वेळा क्लिप बदलून घेतले, डोळे मिटून सुद्धा. मला तो माणूस फार आवडला.

दिवस दुसरा : पाच मनोरे आणि पहिला दोर

सकाळच्या बसने फाल्झारेगो खिंडीच्या रस्त्याला बाई दे दोनेसला उतरलो आणि चेअरलिफ्टने वर. वर चिंक्वे तोर्री, म्हणजे पाच मनोरे. एकाच पठारावर दगडाचे पाच सुळके असे उभे आहेत की जणू कुणीतरी आणून ठेवलेत. त्यातला एक बारीक मनोरा २००४ साली कोसळला, त्याचे तुकडे अजून तिथेच पडलेत. इथे दर सुळक्यावर कुणी ना कुणी लटकलेलं असतंच, खाली दोर धरून उभा असलेला जोडीदार आणि वरून येणाऱ्या हाका. कोर्तिनाच्या क्लाइंबर लोकांचा स्कोयात्तोली नावाचा क्लब आहे, म्हणजे खारी. १९५४ ला केटूवर पहिल्यांदा पोचलेल्या दोघांपैकी लिनो लाचेदेल्ली हा याच क्लबातला, कोर्तिनाचाच पोरगा. म्हणजे जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शिखराची तयारी या असल्या दगडांवर झाली. मी एका सुळक्याला हात लावून बघितला. आपल्याकडचा बसाल्ट सवयीचा असलेल्या हाताला हा दगड वेगळाच लागतो, खरखरीत, बारीक छिद्रं असलेला, बोटांना धरून ठेवणारा. पण जिथे हजारो लोकांचे पाय पडलेत तिथे तो संगमरवरासारखा गुळगुळीत होतो, हे तासाभरात कळलं.

कारण आव्हेराऊ. २,६४९ मीटरचा डोंगर, त्याची फेराटा सोपी समजली जाते आणि लांबीलाही छोटी आहे. पण सुरुवातीलाच उभी भिंत आहे आणि तिथले होल्ड, म्हणजे हातापायाला धरायच्या जागा, झिजून चकचकीत झालेत. पुढे एक कुटुंब, मागे तीन-चार जण, मध्ये आम्ही. मी पुढे, नणंद मागे. दोन अँकरच्या मध्ये एका वेळी एकच माणूस असायला हवा, कारण वरचा पडला तर खालच्याच्या डोक्यावरच येणार. तर मी एक टप्पा चढून थांबले आणि खाली बघितलं, तर ही दोन्ही हातांनी दोर घट्ट आवळून उभी, हात सरळ ताणलेले, पाय थरथरतायत.

हे सगळ्यांचं होतं. दोर समोर असतो ना, मग सगळं वजन हातांवर जातं आणि दहा मिनिटांत हात भरून येतात. दोर हा पडलो तर वाचवायला आहे, चढायचं पायांनी. मी वरून सांगितलं, "दोर सोड, दगड धर. उजव्या गुडघ्याजवळ खाच आहे बघ, तिथे पाय टाक आणि उभी राहा." ती म्हणाली, "वहिनी, खाली बघू का?" मी म्हटलं, पायाकडे बघ, त्याच्या खाली नको. आमच्याकडे ट्रेकवाले दृष्टिभय म्हणतात तो शब्द किती अचूक आहे ते तिथे कळतं, कारण भीती उंचीची नसते, नजरेची असते. तिने डावा हात सोडला, कातळाची एक कड धरली, पाय टाकला, उभी राहिली. क्लिक, क्लिक. दोन आवाज ऐकू आले की पुढचा टप्पा, असं आम्ही ठरवून टाकलं, आणि त्यानंतर दर दोरावर मी मागे न बघता फक्त ते दोन आवाज ऐकत होते.

अर्ध्यात वरून कुणीतरी ओरडलं, "सास्सो!" म्हणजे दगड. मी कातळाला चिकटले, मान आत घेतली आणि मुठीएवढा दगड हेल्मेटला घासून खाली गेला. वर बघायचं नाही, हे शिकवलेलं होतं आणि नेमक्या क्षणी आठवलं. वरच्या घसाऱ्यावर वाट सोडून चालणाऱ्या कुणाच्या तरी पायाने तो सुटला होता. मला मनापासून राग आला, कारण खाली एक आठ-नऊ वर्षांची मुलगी चढत होती. कृपा करून अशा ठिकाणी आखलेल्या वाटेवरच चाला आणि दगड सुटलाच तर कुठल्याही भाषेत ओरडा.

माथ्यावर क्रॉस आहे आणि चारी बाजूंना डोंगर. तोफाना, पेल्मो, चिवेत्ता, आणि नैऋत्येला बर्फाची टोपी घातलेला मार्मोलाडा, ३,३४३ मीटर, अख्ख्या डोलोमाइट्समध्ये सगळ्यात उंच.

रात्री नुवोलाऊच्या रिफ्युजिओत मुक्काम, २,५७५ मीटरवर अगदी टोकाला. रिफ्युजिओ म्हणजे डोंगरातली निवारागृहं, जेवण आणि झोपायला बंक. हे १८८३ सालचं, सॅक्सनीच्या एका गृहस्थाने दुखण्यातून बरं झाल्याच्या कृतज्ञतेपोटी पैसे दिले आणि ते उभं राहिलं, म्हणून त्याचं मूळ नावच सॅक्सनीचे आभार असं होतं. बूट दाराशी काढायचे, स्वतःची झोपायची चादरपिशवी आणायची, रात्री दहाला दिवे बंद. आम्ही दोघी शाकाहारी, काळजी होती, पण बीट भरलेले कासुन्झियेई मिळाले, वर लोणी आणि खसखस. गुलाबी रंगाचा तो पास्ता इतका छान होता की आम्ही परत मागितला.

दिवस तिसरा : लागाझुओईच्या पोटात

सकाळी उतरून फाल्झारेगो खिंडीत आलो, २,१०५ मीटर. समोर लागाझुओईचा सरळसोट कडा. केबल कार तीन-चार मिनिटांत वर नेते, पण आम्हाला डोंगराच्या आतून जायचं होतं.

हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण या लोखंडी वाटांचं मूळ इथे आहे. १९१५ ला इटली ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्धात उतरली आणि आघाडी नेमकी या सुळक्यांवरून गेली. दोन्हीकडचे सैनिक दोन हिवाळे इथेच राहिले, आणि सामान, दारूगोळा, जखमी माणसं वर-खाली न्यायला त्यांनी कड्यांवर दोर आणि शिड्या ठोकल्या. आज आपण मजेसाठी जिथे क्लिप लावतो त्यातल्या कितीतरी वाटा अशा तयार झाल्या. लागाझुओईवर ऑस्ट्रियन माथ्यावर आणि इटालियन आल्पिनी, म्हणजे डोंगरी तुकडीचे सैनिक, कड्याच्या मधल्या एका अरुंद पदरावर, चेंज्या मार्तिनी त्याचं नाव. वरच्यांना खालचे हलवता येईनात, खालच्यांना वर जाता येईना, मग दोघांनीही डोंगर पोखरायला घेतला. इटालियनांनी आतून वर वर चढत जाणारा साधारण १,१०० मीटरचा बोगदा खणला आणि २० जून १९१७ ला त्यात सुमारे ३३ टन स्फोटकं उडवली. डोंगराचा एक अख्खा कोपरा खाली आला. तो दगडांचा ढीग आजही खिंडीतून दिसतो.

त्या बोगद्यातून आम्ही चढलो. आत हेडलॅम्पशिवाय काहीच दिसत नाही. पायऱ्या उंच, ओल्या, बाजूला धरायला दोर, आणि छत एवढं खाली की हेल्मेट सारखं ठक ठक आपटतं. बाहेर उन्हात घाम आला होता, आत पाच मिनिटांत जॅकेट काढून घालावं लागलं. मध्ये मध्ये बाजूला खोल्या आहेत, सैनिकांच्या झोपायच्या, दारूगोळ्याच्या, आणि कड्याच्या बाजूला भोकं पाडलेली आहेत, अगदी नेढ्यासारखी, पण माणसाने बंदुकीसाठी पाडलेली. एका भोकाशी आम्ही टेकलो. खिडकीच्या चौकटीवर छिन्नीचे घाव होते, ओळीने, तिरपे, सगळे एकाच बाजूला झुकलेले. नणंदेने त्यात बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा माणूस डावखुरा असेल का गं?" त्यानंतर वरपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही.

वर रिफ्युजिओ लागाझुओई, २,७५२ मीटर. संध्याकाळी गच्चीवर सगळे जमले, कारण इथे सूर्य मावळताना कडे गुलाबी होतात. स्थानिक लादिन भाषेत त्याला एन्रोसादिरा म्हणतात. हा दगड मुळात समुद्रातला, वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातली प्रवाळं वगैरे साचून झालेला, आणि त्याला नाव मिळालं ते देओदा द दोलोमिय या फ्रेंच भूवैज्ञानिकावरून. फिकट रंगाचा असल्यामुळे जो उजेड पडेल तो रंग घेतो. आधी पिवळा, मग केशरी, मग जास्वंदीसारखा लाल, आणि मग एकदम राखाडी, जसा दिवा मालवावा. समोर मार्मोलाडा शेवटपर्यंत पेटलेला होता. त्याच डोंगरावर १३ डिसेंबर १९१६ ला हिमप्रपाताखाली ऑस्ट्रियन सैनिकांचा तळ गाडला गेला, शेकडो माणसं गेली. सुंदर दिसतंय म्हणून बघत राहावं की हे आठवावं, दोन्ही एकाच वेळी होत होतं.

दिवस चौथा : त्रे चिमे

सकाळी दाट धुकं. केबल कारने खाली, बसने कोर्तिना, कपडे धुणं, परत बस. मिसुरिनाच्या तळ्यावरून रिफ्युजिओ आउरोन्झोला, २,३२० मीटर. हा दिवस तसा बसचाच.

इथून त्रे चिमे दि लावारेदो, तीन सुळके, जर्मनमध्ये द्राय झिन्नेन. इथल्या पाट्यांवर दोन्ही नावं असतात, कारण खिंड ओलांडली की दक्षिण तिरोल, १९१८ पर्यंतचा ऑस्ट्रिया. १०१ नंबरची वाट रुंद आणि सोपी, लहान मुलं, आजीआजोबा सगळे चालतात. २,४५४ मीटरवरची फोर्चेल्ला लावारेदो ही खिंड चढलो आणि तोवर ज्यांच्या पायथ्याने चाललो होतो त्या सुळक्यांची उत्तर बाजू समोर आली. मी आयुष्यात असा कडा बघितलेला नाही. चिमा ग्रांदे २,९९९ मीटर, आणि त्याची उत्तर भिंत सुमारे ५०० मीटर, खालचा अर्धा भाग चक्क बाहेर झुकलेला. १८६९ ला पाउल ग्रोह्मान दोन गाइडना घेऊन मागच्या, सोप्या बाजूने वर गेला. उत्तर भिंत मात्र १९३३ पर्यंत कुणाला जमली नव्हती, त्या ऑगस्टमध्ये एमिलिओ कोमिची आणि दिमाई भाऊ ती चढून गेले.

संध्याकाळी रिफ्युजिओ लोकातेल्लीत, २,४०५ मीटर. पाणी इथे फार जपून वापरतात, प्यायचं पाणी बाटलीतलंच घ्यावं लागलं. भिंतीवर उद्याचा हवामान अंदाज लावला होता, सकाळी ऊन, दुपारनंतर तेंपोराली, म्हणजे वीज-वादळ. आम्ही नाश्ता लवकर मागितला, पण साताच्या आधी मिळणार नाही असं कळलं. तिथेच खरं तर कोरडं काहीतरी बांधून घेऊन पहाटे निघायला हवं होतं. ते केलं नाही.

दिवस पाचवा : मोंते पातेर्नो

रिफ्युजिओच्या मागे उभा आहे तो पातेर्नो, २,७४४ मीटर. त्यावर जाणाऱ्या फेराटाचं नाव दे लुका-इन्नेरकोफ्लर. सेप्प इन्नेरकोफ्लर हा या भागातला नावाजलेला गाइड, हीच रिफ्युजिओ चालवायचा. युद्ध सुरू झालं आणि तोफांनी त्याची रिफ्युजिओ जाळून टाकली. ४ जुलै १९१५ च्या पहाटे तो स्वतःच्या पाठ असलेल्या या डोंगरावर इटालियन ठाणं घ्यायला चढला आणि माथ्याजवळ मारला गेला. इटालियन सैनिकांनीच त्याला वर माथ्यावर पुरलं, तिथून १९१८ ला त्याच्या गावी सेक्स्टेनला नेलं. दे लुका हा समोरच्या बाजूचा सैनिक. दोन शत्रूंची नावं आज एकाच वाटेला आहेत आणि रिफ्युजिओलाही लोकातेल्लीच्या जोडीने इन्नेरकोफ्लरचं नाव आहे. हे मला फार बरोबर वाटलं.

सव्वाआठला निघालो. सॉसेजसारखा दिसणारा एक उभा दगडी खांब आहे, तो ओलांडला की बोगदा. लागाझुओईपेक्षा हा उभा, पायऱ्या झिजलेल्या, पण खिडक्यांतून त्रे चिमे असे दिसतात की प्रत्येक खिडकीशी पाय अडतो. आम्हीही थांबलो. जास्तच थांबलो. पुढे माणसं होती, एका अवघड टप्प्यावर पाऊण तास गेला, कारण एकाला दोराला कसं क्लिप करायचं हेच माहीत नव्हतं.

बोगद्यातून बाहेर पडून उघड्या कातळावर चढून खिंडीशी पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. वर माथा जेमतेम शंभर मीटर. क्रॉस दिसत होता. आणि पश्चिमेला, सुळक्यांच्या मागे, ढग काळे नव्हते, जांभळे होते. मी हातातला दोर सोडून कानोसा घेतला. मार्मोट नावाचे मांजराएवढाल्या आकाराच्या खारींसारखे प्राणी इथे दिवसभर शिट्ट्या मारतात, ते गप्प झाले होते. मग लांब एकदा गडगडलं.

नणंद म्हणाली, "अर्ध्या तासात होईल वहिनी." होईलही. पण डोंगराच्या धारेवर, शेकडो मीटर लोखंडाला स्वतःला बांधून घेऊन, वीज असताना उभं राहायचं म्हणजे काय ते आम्हा दोघींना माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती, मी घड्याळाकडे. मी म्हटलं, "उतरायचं." तिच्या डोळ्यात पाणी आलं पण तिने लगेच तोंड फिरवून कॅराबिनर उलट दिशेला लावला. क्लिक, क्लिक.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड. पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही, तोंड कातळाकडे ठेवून चाचपडत जायचं. पहिले थेंब पडले तेव्हा आम्ही बोगद्याच्या तोंडाशी होतो. आत शिरलो, दोरापासून लांब, एका कोनाड्यात सॅकवर बसलो, पाय जवळ घेऊन. मग जे सुरू झालं ते पाऊण तास चाललं. वीज आणि गडगडाट यात अंतरच नव्हतं. खिडकीतून गारा आत येत होत्या आणि पायरीवर उड्या मारत होत्या. दोन जर्मन मुलं ओलीचिंब आत आली, एकाचे हात एवढे गारठलेले की त्याला हेल्मेटचं बकल सुटेना, नणंदेने ते सोडवून दिलं आणि आमच्या थर्मासातला चहा त्याला पाजला. ती दोघं माथ्यावर जाऊन आली होती. त्याने सांगितलं की उतरताना दोरातून बारीक भुणभुण ऐकू येत होती. अजून आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

दिवस सहावा : १०५ नंबरची वाट

रात्री थंडी वाढली आणि सकाळी आकाश असं निळं की डोळे दिपले. नणंद सहालाच बाहेर जाऊन आली आणि म्हणाली, "बघ ये." पातेर्नो पांढरा झाला होता. सगळ्या खाचांत बर्फ, आणि दोरावर काचेसारखा थर, ऊन पडलं की चमकणारा. रिफ्युजिओतल्या मुलीला विचारलं, तिने नुसती मान हलवली. आमची बस दुपारची होती.

मग १०५ नंबरच्या वाटेने त्रे चिमेच्या उत्तरेकडून मोठा फेरा घेत आउरोन्झोला आलो. पिवळ्या चोचीचे काळे कावळे बरोबर होते. चिमा ग्रांदेच्या भिंतीवर त्या गारठ्यातसुद्धा दोन ठिपके दिसले, एक लाल, एक निळा. आम्ही चांगला अर्धा तास मान वर करून बसलो. तेवढ्यात लाल ठिपका एक हात वर गेला असेल.

कोर्तिनात सामान परत द्यायला गेलो. त्या माणसाने हार्नेस बाजूला ठेवले आणि सेट हातात घेतले. शिवलेल्या पिशवीची चेन उघडली, आतले टाके बोटाने एकेक चाचपून बघितले, माझे, मग नणंदेचे. एक जरी टाका उसवला असेल तर तो सेट पुन्हा कुणाला देत नाहीत. मग त्याने वर बघून विचारलं, "पातेर्नो?"

नणंदेने बोटं वर करून छतापासून वीतभर खाली हात धरला, इथपर्यंत. त्याने खिडकीबाहेरच्या पांढऱ्या डोंगरांकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि "ब्रावे", म्हणजे शाब्बास, असं म्हणून दोन्ही सेट परत खुंटीला अडकवले.